वारा पश्चिमेचा, यंत्र म्हणतं वायव्य (आणि चौथ्या पट्टीवर उमटलेली विचित्र रांग)

खारवारा | ११ जून, रात्री ९:४०

मंडळी, मी वेंगुर्ल्याचा. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक यंत्र केलंय, कोंबडा म्हणा. वर पत्र्याचा बाण, खाली जुन्या स्कूटरच्या बेअरिंगवर फिरणारी पांढऱ्या सनमायकाची गोल चकती, चकतीवर काळ्या टेपच्या तीन पट्ट्या म्हणजे तीन वर्तुळं एकात एक, आणि त्यांच्यासमोर एका ओळीत तीन आयआर सेन्सर. काळं म्हणजे १, पांढरं म्हणजे ०. तीन आकड्यांत आठ दिशा बसतात, उत्तर ०००, ईशान्य ००१, पूर्व ०१०, आग्नेय ०११, दक्षिण १००, नैऋत्य १०१, पश्चिम ११०, वायव्य १११. घरात डिस्प्लेवर दिशेचं नाव येतं.

एप्रिल-मेमधे झकास चाललं. जून लागला, वारा नैऋत्य आणि पश्चिमेच्या मधे येऊन बसला आणि यंत्राचं डोकं फिरलं. घडीत दक्षिण, घडीत वायव्य. शेजारचे काका आयुष्यभर होडीवर होते, ते आत डोकावून म्हणाले, तुझो कोंबडो येडो झालो.

एकाने सल्ला दिला की पॅरिटीची चौथी पट्टी लाव, म्हणजे प्रत्येक दिशेला एकूण काळे सम झाले पाहिजेत, विषम आले की समजायचं वाचन चुकलंय आणि डिस्प्ले कोरा ठेवायचा. लावली. आता नैऋत्य-पश्चिम मधे डिस्प्ले सारखा कोराच, म्हणजे आधी खोटं बोलायचं ते आता मुकं झालं. आणि बाण हाताने धरून आग्नेय-दक्षिणच्या रेषेवर आणला तर कधीकधी बिनधास्त नैऋत्य दाखवून मोकळं!

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं. चौथी पट्टी चिकटवताना उत्तरेपासून क्रम असा आला: पांढरा काळा काळा पांढरा, काळा पांढरा पांढरा काळा. ०११०१००१. दुसरा अर्धा पहिल्याच्या बरोब्बर उलटा. हे मी ठरवून केलं नव्हतं. ही रांग काय आहे? सोळा दिशा केल्या असत्या तर पुढे काय आलं असतं?

फणसाचागरा | ११ जून, रात्री १०:१५

अरे वा, टेप चिकटवता चिकटवता थू-मोर्स रांग (थू आणि मोर्स या दोन गणितज्ञांच्या नावाची) सापडली म्हणजे! पुढचं सोपं आहे, जेवढी लिहून झालीय तेवढी उलटवायची, म्हणजे ० चं १ आणि १ चं ० करायचं, आणि पुढे जोडायची. ०, मग ०१, मग ०११०, मग ०११०१००१, मग त्याच्यापुढे १००१०११०. असं चालूच. उलटी का येते तेही तुझ्या चकतीवरच दिसेल, ० ते ३ च्या पुढे डावीकडे एक जादा १ लावला की ४ ते ७ मिळतात, एक १ वाढला की समचं विषम आणि विषमचं सम होणारच.

ज्या संख्यांच्या द्विमान रूपात (म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यावर) १ सम वेळा येतो त्या ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५... आणि विषम वेळा येतो त्या १, २, ४, ७, ८, ११, १३, १४... इंग्रजीत यांना ईव्हिल आणि ओडियस म्हणतात, ईव्हनवरून ईव्हिल आणि ऑडवरून ओडियस. कॉनवे, बर्लेकॅम्प आणि गाय या खेळांचं गणित करणाऱ्या तिघांचा हा चावटपणा. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेल्या पूर्णांक-क्रमिकांच्या कोशात दोन्ही आहेत, ओडियसचा नंबर ए०००‌०६९ आणि ईव्हिलचा ए००१९६९.

चुन्याचीडबी | ११ जून, रात्री १०:२२

ईव्हिलला दुष्ट संख्या वगैरे म्हणू नका रे, कोकणात राहून. सम वरून समंध आणि विषम वरून विषारी. विषय संपला.

फणसाचागरा | ११ जून, रात्री १०:२४

_/\_ मान्य. आजपासून ५ ही समंध आणि ७ ही विषारी.

पेटीपाचडझन | ११ जून, रात्री ११:०५

जरा अवांतर, पण ही रांग आमच्या घरात उपयोगाची होती आणि कोणाला माहीत नव्हती. आमची कलमं सामायिक, दोन भाऊ, म्हणजे माझे वडील आणि काका. हंगामाच्या शेवटी घरात ठेवायच्या हापूसच्या पेट्या प्रतीप्रमाणे ओळीत मांडायच्या आणि आळीपाळीने उचलायच्या, थोरला आधी. समजा आठ पेट्या, सगळ्यात चांगलीला ८ गुण, शेवटच्या डागीला १. आळीपाळीने थोरल्याला ८+६+४+२ म्हणजे २० आणि धाकट्याला १६. दरवर्षी! धाकट्याची बायको म्हणजे माझी काकी दरवर्षी बोलायची आणि दरवर्षी तिला सांगायचे की एक तू एक मी यात अन्याय कसला.

आत्ता खारवाराच्या रांगेने करून बघितलं, ० म्हणजे थोरला आणि १ म्हणजे धाकटा. थोरल्याला पहिली, चौथी, सहावी, सातवी: ८+५+३+२ = १८. धाकट्याला ७+६+४+१ = १८. काकीला फोन करावासा वाटतोय पण रात्रीचे अकरा वाजलेत.

फणसाचागरा | ११ जून, रात्री ११:२०

@पेटीपाचडझन फोन करायच्या आधी हेही बघ. ०, ३, ५, ६ यांची बेरीज १४, आणि १, २, ४, ७ यांचीही १४. वर्गांची बेरीज करा, ७० आणि ७०. ० ते १५ अशा सोळा संख्या घेतल्यात तर समंधांची बेरीज ६०, विषारींची ६०. वर्ग ६२० आणि ६२०. घन ७२०० आणि ७२००!! दर दुप्पटीला एक घात जास्त. प्रूए नावाच्या फ्रेंच माणसाने हे १८५१ मधेच सांगून ठेवलं होतं, थू आणि मोर्स यांच्या कितीतरी आधी. म्हणजे तुमच्या आंब्याची प्रत सरळ रेषेत न घसरता आधी हळू आणि नंतर झपकन घसरली, वर्गाच्या हिशोबाने, तरी आठ पेट्यांत वाटणी सारखीच.

गल्लीतलावजीर | १२ जून, सकाळी ७:५०

बुद्धिबळवाले याला वेगळ्या दाराने ओळखतात. माक्स युव्ह, पुढे १९३५ ला जगज्जेता झाला तो, तो गणिताचा माणूस. त्यावेळी एक नियम असा होता की खेळ्यांची तीच मालिका लागोपाठ तीनदा आली तर डाव बरोबरीत. युव्हने १९२९ मधे दाखवलं की या नियमाने डाव संपेलच असं नाही, कारण ही रांग कितीही लांबवा, कुठलाच तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही. थूने हे १९०६ पासूनच्या लेखांत आधीच काढलं होतं, युव्हने आपलं आपण पुन्हा शोधलं.

वायरमनदादा | १२ जून, सकाळी ८:३०

एवढं अवघड कशाला. जिन्याचा दिवा. खाली एक बटण, वर एक, मधल्या मजल्यावर एक. कुठलंही एक दाबा, दिवा असला तर जाईल, नसला तर येईल. म्हणजे वर असलेली बटणं विषम तर दिवा चालू, सम तर बंद. तुमची समंध-विषारी तीच. दोन टोकांना टू-वे बटण आणि मधे कितीही इंटरमीडिएट टाका, वायरिंगला फरक नाही.

आणि समंध म्हणजे अंधार हे पण बरोबर बसलं.

चुन्याचीडबी | १२ जून, सकाळी ८:४१

वायरमनदादा, हा धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

खारवारा | १२ जून, दुपारी १:१०

सगळ्यांना धन्यवाद, रांगेचं कळलं, पण माझा कोंबडा अजून येडाच आहे हो. कारण थोडं समजलंय. नैऋत्य १०१ वरून पश्चिम ११० ला जाताना मधली आणि शेवटची अशा दोन पट्ट्या एकदम बदलायला हव्यात, आणि माझे सेन्सर काही एकदम बदलत नाहीत, एक केसभर आधी, एक केसभर नंतर. त्या फटीत १०० किंवा १११ वाचलं जातं, तेच दक्षिण आणि वायव्य. आग्नेय-दक्षिण तर ०११ ते १००, तिन्ही बदलतात, वर पॅरिटीची पट्टी पण बदलते, चारातल्या दोनच बदलून झाल्या की एकूण काळे परत सम, आणि चुकीचं वाचन पॅरिटीच्या डोळ्यादेखत निसटतं.

सेन्सर कितीही नीट बसवले तरी केसभर फरक राहणारच ना?

तुळईमास्तर | १२ जून, दुपारी ३:३०

(निवृत्त, मराठी शिकवायचो, गणिताशी फारसं जमत नसे, चुकलं तर सांभाळून घ्या.)

आठ दिशा आणि तीन खुणा म्हटल्यावर मला आठ गणच आठवले. लघु म्हणजे पांढरा, गुरू म्हणजे काळा. यमाताराजभानसलगा सगळ्यांनी घोकलंय. य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता, लघु गुरू गुरू, हा य गण. एक अक्षर सरका, मातारा, सगळे गुरू, म गण. असं सरकत सरकत आठही गण मिळतात, एकही दोनदा नाही. शेवटचं लगा आणि सुरुवातीचं यमा हे दोन्ही लघु-गुरूच, म्हणून माळेसारखं गोल करता येतं. मग तीन पट्ट्या हव्यातच कशाला? एकच पट्टी, आठ घरांची, आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन सेन्सर. चकती एक घर फिरली की पुढचा गण.

खारवारा | १२ जून, दुपारी ४:०५

मास्तर!!! हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी वृत्तं पाठ केली असती. आत्ता लावतो.

खारवारा | १२ जून, रात्री ८:२०

लावलं. टेप वाचली, सनमायका दिसायला लागला, पण रेषांवर अजून उड्या मारतंय. र वरून ज ला जाताना तर वाट्टेल ते दाखवतं. काय चुकलं?

बाकीशून्य | १२ जून, रात्री ९:००

मास्तरांची पट्टी सुंदरच आहे, तिला डी ब्रुइन माळ म्हणतात, पण ती या दुखण्यावरचं औषध नाही. र म्हणजे गुरू लघु गुरू, ज म्हणजे लघु गुरू लघु, तिन्ही जागा बदलल्या. त वरून र, दोन. ज वरून भ, दोन. आठातल्या तीन रेषांवर तुझा तोच घोळ.

तुला हवा आहे ग्रे कोड. दिशा सरकली की एकच खूण बदलली पाहिजे, बस. मग सेन्सर केसभर पुढेमागे असला तरी वाचन एकतर जुनं येईल किंवा नवं, तिसरं काही येऊच शकत नाही. फ्रँक ग्रे अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोनवाल्यांच्या संशोधनशाळेत होता, त्याचीही अडचण तुझ्यासारखीच. आवाजाचे आकडे करणाऱ्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत भोकं पाडलेल्या पत्र्यावर पडायचा आणि दोन ओळींच्या मधे पडला की भलताच आकडा यायचा. अर्ज १९४७ चा, पेटंट १९५३ चं, त्यात त्याने याला स्वतःचं नाव दिलं नव्हतं, परावर्तित द्विमान असं म्हटलं होतं, ग्रे हे नाव लोकांनी लावलं. त्याच्या बऱ्याच आधी, १८७२ मधे लुई ग्रो नावाच्या फ्रेंच माणसाने चिनी कड्यांचं कोडं सोडवताना हाच क्रम वापरला होता.

करायचं कसं: साध्या द्विमान संख्येत प्रत्येक अंक आणि त्याच्या डावीकडचा शेजारी बघ. सारखे तर ०, वेगळे तर १. पहिल्या अंकाच्या डावीकडे ० धर. पश्चिम ११०: पहिला १ आणि ०, वेगळे, १. दुसरा १ आणि १, सारखे, ०. तिसरा ० आणि १, वेगळे, १. म्हणजे १०१. नैऋत्य तसंच करून १११. दोघांत फक्त मधली खूण वेगळी.

तुळईमास्तर | १२ जून, रात्री १०:१०

बाकीशून्य, तुमची रीत मी गणांवर करून पाहिली, वहीत. परावर्तित शब्दावरून उमगलं. दोन अक्षरांचे चार प्रकार आधी लिहिले, लल, लग, गग, गल. त्यांच्या आधी लघु लावला: न, स, य, ज. मग तेच चार उलट क्रमाने, आरशात बघितल्यासारखे, आणि आधी गुरू: त, म, र, भ.

न स य ज त म र भ.

प्रत्येक गण शेजाऱ्यापेक्षा एका अक्षराने वेगळा, आणि शेवटचा भ पुन्हा न च्या शेजारी एकाच अक्षराने बसतो. गुरूंची संख्या शून्य, एक, दोन, एक, दोन, तीन, दोन, एक. चाळीस वर्षं गण शिकवले, हा क्रम कधी मनात आला नाही.

बाकीशून्य | १२ जून, रात्री १०:१८

मास्तर, साष्टांग. आता त्या गुरूंच्या संख्येत समंध-विषारी बघा. सम, विषम, सम, विषम, चुकारपणा नाही. एका पायरीला एकच खूण बदलते म्हटल्यावर दुसरं होणार तरी काय, वायरमनदादांच्या जिन्यावर एका वेळी एकच बटण दाबत गेलं तर दिवा दर वेळी बदलणारच. म्हणून सगळ्या सम संख्यांचे ग्रे कोड घेतले तर ०, ३, ६, ५, १२, १५, १०, ९, म्हणजे सगळे समंध, फक्त रांग सोडून उभे. विषम संख्यांचे घेतले की १, २, ७, ४, १३, १४, ११, ८, सगळे विषारी. साध्या मोजणीत ही दोन गावं थू-मोर्सच्या तालात एकमेकांत गुंतलेली असतात, ग्रे क्रमात एकाआड एक येतात.

उलटं फिरायलाही पॅरिटीच लागते. डावीकडून गुरू मोजत जायचं, आतापर्यंतचे विषम तर १ लिही, सम तर ०. म गण: १, ०, १. म्हणजे ५, नैऋत्य. खारवारा, तुझ्या प्रोग्राममधे एवढीच एक ओळ.

पाटपाणी | १२ जून, रात्री ११:३०

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. मुलीला सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी रंगीत चकत्यांचा मनोरा आणला होता, दोन पेन्सिली उभ्या करून आम्ही त्याच्यावर हनोईचा खेळ करतो, तीन चकत्या, एका वेळी एकच हलवत सगळा मनोरा दुसऱ्या काठीवर न्यायचा, लहानावर मोठी ठेवायची नाही. मास्तरांच्या क्रमात कुठलं अक्षर बदलतं ते लिहिलं: शेवटचं, मधलं, शेवटचं, पहिलं, शेवटचं, मधलं, शेवटचं. आणि आमच्या खेळात हलते ती लहान, मधली, लहान, मोठी, लहान, मधली, लहान. सात खेळ्या, हुबेहूब! मुलगी झोपलीय आणि मी ओट्यावर चकत्या हलवत बसलेय.

बाकीशून्य | १२ जून, रात्री ११:४२

हो, ते तसंच आहे, कितीही चकत्या घ्या. हनोई १८८३ चा, ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाचा.

चुन्याचीडबी | १३ जून, सकाळी ७:१५

आपले गणितवाले कापरेकर पण आणा रे कोणीतरी. जन्म डहाणूचा, म्हणजे आपलेच, उत्तर कोकण.

फणसाचागरा | १३ जून, सकाळी ९:३०

आणले. द. रा. कापरेकर, जन्म १९०५, देवळालीला शाळामास्तर. त्यांच्या स्वयंभू संख्या म्हणजे ज्या कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवून तयार होत नाहीत अशा. तेच द्विमानात करा, संख्या अधिक तिच्यातले १. तीनात दोन १, म्हणून ५. चारात एक १, म्हणून परत ५. पण ४ कोणाकडूनच येत नाही. स्वयंभू: १, ४, ६, १३, १५, १८... गणपतीपुळ्यासारख्या, कोणी स्थापन केलेल्या नाहीत.

खारवारा | १३ जून, सकाळी ११:००

तीन पट्ट्या नव्या क्रमाने लावतोय. चौथी पॅरिटीची पट्टी ठेवू का? ती आता काळी पांढरी काळी पांढरी अशी येणार, कॅरम बोर्डासारखी छान दिसेल.

बाकीशून्य | १३ जून, सकाळी ११:२०

काढून टाक! ठेवलीस तर प्रत्येक रेषेवर एक दिशेची आणि एक पॅरिटीची अशा दोन खुणा बदलतील, म्हणजे सगळं मुसळ केरात, परत डिस्प्ले कोरा. पॅरिटी वेगळ्या पद्धतीने वापर. आधीचं वाचन आणि आत्ताचं वाचन वेगळं आलं पण दोघांची पॅरिटी सारखी असेल तर मधे पायरी सुटलीय. बाण झोक्याने गर्रकन फिरला किंवा सेन्सरसमोर गोगलगाय बसली.

आणि एकाच पट्टीचा हट्ट असेल तर तसलेही ग्रे कोड आहेत, एक पट्टी आणि नऊ सेन्सर असं करून ३६० जागा मिळतात, प्रत्येक अंश वेगळा. पण तीन सेन्सरला सहाच जागा, आठ होत नाहीत. तू मुकाट्याने तीन पट्ट्या लाव.

खारवारा | १५ जून, रात्री ९:१०

काल लाइट नव्हती म्हणून उशीर. लावलं आणि आधी पचका झाला, पूर्वेला पश्चिम आणि पश्चिमेला पूर्व. चकती मी टेबलावर ठेवून वरून चिकटवली आणि सेन्सर तिला खालून बघतात, त्यामुळे क्रम उलटा. नशीब क्रम गोल आहे, परत टेप न खरवडता प्रोग्राममधे उलटा मोजला आणि झालं. एकूण सहा तास चाललंय, एकही उडी नाही. वारा नैऋत्य आणि पश्चिमेच्या रेषेवरच आहे, म, र, म, म, र असं चाललंय, तिसरं अक्षर नाही.

काका येऊन बघून गेले. डिस्प्लेवर गणाचं अक्षर पण येतं तर म्हणाले, मर मर काय लिवलंस ता आधी काढ, घरात पोरां आसत.

वायरमनदादा | १५ जून, रात्री ९:३५

अभिनंदन. खाऱ्या हवेत सेन्सरचे पाय गंजतात, आतापासूनच वार्निश मारून ठेवा.

खारवारा | १५ जून, रात्री ९:५०

दादा, त्यात एक गंमत लक्षात आली. म ग ग ग, र ग ल ग. म्हणजे वारा असा या दोघांतच राहिला तर बदलतो तो फक्त मधला सेन्सर, बाकीचे दोघे पावसाळाभर काळ्याकडे बघत बसलेले. तोच गेला तर यंत्र एका दिशेवर अडकून राहील आणि मला वाटेल वाराच पडलाय. वार्निश तिघांना मारतो, पण मधल्याचा एक जास्तीचा जोड उद्या कुडाळहून मागवतो.